‘उद्या ठाण्यात या’ असा फोन आला तर

एका ताईंनी विचारलंय: सोसायटीत पार्किंगवरून दोन कुटुंबांत हाणामारी झाली. त्यांचा धाकटा भाऊ सोडवायला मध्ये पडला होता, आता दुसऱ्या बाजूने त्याचंही नाव घातलंय म्हणे. आज पोलीस ठाण्यातून फोन आला, “उद्या सकाळी दहाला या, साहेबांनी बोलावलंय.” वडिलांचं म्हणणं, जाऊन ये, नम्रपणे बोल, विषय मिटेल. भावाच्या मित्राचं म्हणणं, लेखी नोटीस आल्याशिवाय जायचं कारणच नाही. कुणाचं ऐकावं? आणि तिथेच बसवून ठेवलं किंवा अटक केली तर घरच्यांनी काय करायचं?

ताई, दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं आहे. भाऊ एकटा, रिकाम्या हाताने जाऊन आला तर तो किती वाजता पोहोचला, काय विचारलं, काय लिहून घेतलं याचा तुमच्याकडे काहीच पुरावा उरत नाही. आणि फोन बंद करून घरी बसला, तर तपासी अंमलदार केस डायरीत ‘तपासात सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळा होतो. ते एक वाक्य पुढे जामिनाच्या अर्जाला नडतं. फौजदारी कोर्टात इतकी वर्षं उभं राहिल्यावर माझं ठाम मत झालंय की पोलिसांसमोर हक्क टिकतो तो कागदावर आणि घड्याळावर. आवाज चढवून मागितलेला हक्क संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. वेळ घालून दिलेला, शिक्का मारून पोच घेतलेला साधा अर्ज मात्र वर्षभराने खटल्यातही कामाला येतो.

म्हणून पहिलं काम, भाऊ पोलिसांच्या कागदावर नेमका कोण आहे ते शोधणं. साक्षीदार, आरोपी की अटकेतला माणूस, यावर त्याचे हक्क ठरतात, आणि ठाण्यातून येणाऱ्या फोनवर नेमकं हेच बहुतेक वेळा सांगितलं जात नाही. ज्या नंबरवरून फोन आला त्यावर उलट फोन करा आणि शांतपणे विचारा: आपलं नाव आणि हुद्दा काय, गुन्हा दाखल आहे का, असल्यास गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं कोणती, भावाला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून. उत्तर मिळो न मिळो, वेळ लिहून ठेवा. मग त्याच नंबरवर मेसेज पाठवा की ‘आपला अमुक वाजता फोन आला होता, मी यायला तयार आहे, कृपया लेखी नोटीस द्यावी.’ मित्राचा मुद्दाही राहतो आणि सहकार्य केलं नाही असंही कुणाला म्हणता येत नाही.

कदाचित गुन्हा दाखलच नसेल. किरकोळ मारहाण, शिवीगाळ आणि दमदाटी, म्हणजे ज्याला अजून सगळे ३२३, ५०४, ५०६ म्हणतात, ती कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाली. अशा तक्रारीची ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. एनसीमध्ये दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ तसं सांगतं. (इथून पुढे कायद्याचं नाव न घेता कलम लिहिलं असेल तर ते याच संहितेचं समजा.) मात्र एनसीच्या मागून ‘चॅप्टर केस’ येऊ शकते: शांतता राखण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, अशी कलम १२६ची नोटीस. ती शिक्षा नाही, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तारखेला हजर राहून वकिलामार्फत म्हणणं मांडायचं.

हाड मोडलं असेल किंवा हत्यार वापरलं असेल तर प्रकरण दखलपात्र होतं, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात, आणि एफआयआर होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख घालून तो शोधता येतो. आज रात्री झोपण्यापूर्वी तेवढं बघा. त्यात भावाचं नाव आहे का आणि कलमं कोणती लावली आहेत, हे कळलं की उद्याचा निम्मा अंधार दूर होतो.

तो साक्षीदार असेल तर कलम १७९प्रमाणे तपासी अधिकाऱ्याने लेखी आदेश द्यायला हवा, आणि तो आला की जावं लागतं. पण १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेबाहेर हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. उद्या ‘बहिणीलाही घेऊन या, तिचाही जबाब हवाय’ असा निरोप आला तर हे कलम तुमच्यासाठी आहे. तुमच्या खुशीने गेलात तर गोष्ट वेगळी. जबाबात खरं सांगणं बंधनकारक आहे; फक्त ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप येईल ते देण्याची सक्ती नाही. आणि कलम १८१प्रमाणे तपासातल्या अशा जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. तरी ठाण्यात सर्रास ‘खाली सही करा’ म्हणतात. “साहेब, १८१प्रमाणे सही लागत नाही ना?” एवढं विचारलं की बरेचदा विषय तिथेच संपतो. आग्रह धरलाच, तर सगळं वाचून, शेवटच्या ओळीला लागून सही करावी आणि तारीख-वेळ घालावी, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत नंतर भर पडत नाही. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका, समोरचा हवालदार शेजारच्या गल्लीतला असला तरी.

आरोपी म्हणून नाव असेल तर जास्त नीट ऐका. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नाव आलं की अटक, असा कायदा नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं अधिकाऱ्याने लिहावी लागतात, आणि गरज नसेल तर कलम ३५(३)ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. पूर्वी हे ४१-अ होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या अर्नेश कुमार निकालात पोलिसांना आणि यांत्रिकपणे कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनाही यावरून खडसावलं होतं. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल तोवर, अधिकाऱ्याने वेगळी कारणं नोंदवल्याशिवाय, त्याला त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. म्हणून ही नोटीस घाबरण्याची गोष्ट नसून एक प्रकारचं संरक्षण आहे. लोक ती घ्यायला नकार देतात, दार लावून घेतात, हे साफ चुकीचं. घ्या, सही करा, घेतल्याची वेळ टाका, प्रत जपून ठेवा.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तसं बजावलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. तरी व्हॉट्सॲपवर आलीच तर गप्प बसू नका. ‘नोटीस पाहिली, कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष प्रत द्यावी, मी हजर राहायला तयार आहे’ असं उत्तर द्या. आणखी एक तरतूद बऱ्याच जणांना माहीत नसते: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी ६० वर्षांवरचा किंवा आजाराने खचलेला असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. अशा भांडणांत घरातल्या आजोबांचंही नाव घुसवतात, तेव्हा याचा उपयोग होतो.

आता उद्याचं. एफआयआरमध्ये अजामीनपात्र कलम असेल आणि तुमच्या वकिलाला अटकेची खरी शक्यता वाटत असेल, तर भावाने आधी ठाण्यात न जाता कलम ४८२प्रमाणे सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. तसं नसेल तर जावं, असंच मी सांगेन. सोबत कुणीतरी घरचं माणूस किंवा वकील हवा, जो बाहेर थांबेल. हातात अर्जाच्या दोन प्रती हव्यात. मजकूर इतकाच पुरतो: ‘मी, अमुक, आपल्या फोनवरील सूचनेनुसार आज दिनांक अमुक रोजी सकाळी ९.५५ वाजता पोलीस ठाण्यात हजर झालो आहे. तपासात सहकार्य करण्यास मी तयार आहे. मला कोणत्या गुन्ह्यात व साक्षीदार की आरोपी म्हणून बोलावले आहे, याची लेखी माहिती मिळावी.’ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक प्रत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही आणि वेळ मागायची. पोच देत नसतील तर वाद घालू नका. बाहेर थांबलेल्या माणसाने त्याच मिनिटाला अर्जाचा फोटो ठाण्याच्या आणि वरिष्ठ कार्यालयाच्या ईमेलवर पाठवावा. ईमेलवर वेळ आपोआप उमटते, ती कुणाला खोडता येत नाही.

“वकील कशाला आणलाय, काही लपवायचंय का?” हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. त्याचं उत्तर राज्यघटनेच्या कलम २२(१) मध्ये आहे: अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा मूलभूत हक्क आहे. संहितेचं कलम ३८ पुढे सांगतं की चौकशी चालू असतानाही वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ तो शेजारी बसेलच असं नाही. नोटिशीवर हजर झालेला माणूस अजून अटकेत नसतो, त्यामुळे तिथे आत सोडायचं की नाही यावर कुरबुर होते. “वकीलसाहेब दाराबाहेर काचेतून दिसतील इतपत थांबू द्या,” अशी विनंती करून बघा. मला हा मधला मार्ग व्यवहारात सगळ्यात उपयोगी पडलेला दिसतो.

चौकशीत काय बोलायचं? नाव आणि पत्ता खरा सांगायचा. अदखलपात्र गुन्ह्यातसुद्धा नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा दिला तर तेवढ्याच कारणाने ताब्यात घेता येतं. बाकी प्रश्नांबाबत, राज्यघटनेचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवतं. नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा लाय डिटेक्टर या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३प्रमाणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण यात एक मोठी फट आहे: आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. पंचनाम्यात ‘आरोपीने स्वखुशीने काढून दिले’ हे शब्द दिसतात ते यासाठी. तेव्हा ‘काहीही बोललं तरी चालतं, कोर्टात टिकत नाही’ असं समजू नका. ज्याबद्दल खात्री नाही त्यावर “वकिलांशी बोलून सांगतो” म्हणावं. खोटं मात्र कधीच सांगू नये. गप्प राहिलेल्या माणसाचा बचाव करता येतो, पण खोटं बोलून पकडल्या गेलेल्या आरोपीच्या पुढच्या खऱ्या बोलण्यावरही कोर्ट सहज विश्वास ठेवत नाही.

मोबाइलचा प्रश्न हल्ली प्रत्येक प्रकरणात येतो. “फोन दाखव बघू” असं म्हणून हातातून घेणं आणि कायदेशीर जप्ती यांत फरक आहे. जप्त करायचा तर पंचनामा व्हायला हवा, त्यात मेक, आयएमईआय नंबर आणि फोन कोणत्या स्थितीत होता ते लिहायला हवं, आणि यादीची प्रत मागायला हवी. कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं एकमुखी नाहीत. म्हणून तो प्रश्न आला की वकिलाला विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये. फोनमधलं काही डिलीट मात्र करू नका. निर्दोष माणसावरही पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा त्यातून लागतो, आणि तो गुन्हा मूळ भांडणापेक्षा जड होऊन बसतो.

समजा अटक झालीच. तेव्हा पहिल्या तासात काय घडतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा मेमो तिथल्या तिथे तयार व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि भावाची सही हवी. कुणाला कळवायचं ते भाऊ सांगेल आणि पोलिसांनी त्या माणसाला कळवायलाच हवं. यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणाच्या १९९६च्या निकालातून आलं आणि मग कायद्यात शिरलं. अटकेची कारणं सांगणं हा तर घटनेतलाच हक्क आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तो आणखी पक्का केला: कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. त्या क्षणी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगायची, आणि दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. ती दिली नाहीत तर अटक आणि कोठडी बेकायदा ठरते. ‘अमुक कलमांखाली अटक’ एवढ्याने हे भागत नाही. या माणसाने काय केलं असा आरोप आहे, ते त्यात यायला हवं. भावाला सांगून ठेवा की कागद मराठीत मागायचा आणि न वाचता ‘मिळाला’ म्हणून सही करायची नाही.

या सगळ्या कागदांत मी आधी बघतो तो मेमोवरचा वेळेचा रकाना. माणसाला संध्याकाळी सातला ‘चौकशीला’ आणून बाकावर बसवलेलं असतं, रात्र तिथेच जाते, आणि मेमोवर अटकेची वेळ पडते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. का? कारण घटनेचं कलम २२(२) आणि संहितेचं कलम ५८ म्हणतं, अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. मेमोवरची वेळ पुढे सरकली की ते २४ तासही पुढे सरकतात. माणसाला उठून घरी जायची मोकळीक उरली नाही, त्या क्षणी त्याचं स्वातंत्र्य गेलेलं असतं, कागदावर काहीही लिहा. म्हणूनच सकाळच्या त्या ९.५५ वाजताच्या अर्जाला एवढं महत्त्व. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारापासून लॉकअपपर्यंत आवाजासह सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रण शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिलाय. बेकायदा बसवून ठेवलं असेल तर ‘अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं’ असा अर्ज पहिल्याच हजेरीला कोर्टात द्या. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तरी ते लेखी येऊ द्या.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. डॉक्टर विचारतात, “काही त्रास?” शेजारी पोलीस उभा असतो आणि पोरगं “नाही” म्हणून मोकळं होतं. तसंच कोर्टात. रिमांडच्या वेळी दंडाधिकारी आरोपीला विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” बोर्डावर कामांची रांग असते, प्रश्न दोन सेकंदांत येतो आणि जातो. मारहाण झालेला माणूससुद्धा त्या क्षणी मान हलवतो, कारण परत त्याच गाडीतून जायचंय ही भीती असते. ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते, आणि त्यानंतर महिन्याभराने सांगितलेली मारहाण सिद्ध करायला घाम फुटतो. भावाला हे आज रात्रीच समजावून ठेवा. काही झालं असेल तर तिथेच, मोठ्याने, कुठे मारलं, कशाने, कुणी, हे सांगायचं आणि पुन्हा वैद्यकीय तपासणी मागायची. कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२०प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, गंभीर दुखापत असेल तर दहा.

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क आहे आणि पोलिसांनी तो ठाण्यातच द्यायचा असतो; तसं सांगणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. अजामीनपात्र असेल तर कोर्ट ठरवतं. पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मिळाली की बहुतेकांना वाटतं वाईट झालं, तुरुंगात पाठवलं. प्रत्यक्षात पोलीस चौकशीचा ताबा निदान त्या वेळेपुरता थांबलेला असतो आणि जामिनाचा अर्ज लगेच पुढे नेता येतो. वकील परवडत नसेल तरी अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या कुणालाही, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, आणि जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथले बरेच वकील तळमळीने काम करतात, फुकट म्हणून कमी समजू नका.

स्त्रीला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची. १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असतं. सोसायटीच्या भांडणांत १७ वर्षांच्या मुलाला इतरांबरोबर बसवून ठेवल्याचं दिसलं, तर शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला घेऊन लगेच पोहोचा. घराची झडती घ्यायला आले तर परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत, घरच्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं आणि जप्त वस्तूंच्या यादीची सही केलेली प्रत द्यावी लागते.

रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी अडवलं तर लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलेली चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९प्रमाणे. पावतीशिवाय पैसे देऊ नका. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर कॉल तोडा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही.

रेकॉर्डिंगबद्दल नेहमी विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी माझा सल्ला आहे की फोन तोंडासमोर नाचवून काढू नका. धक्काबुक्की तर अजिबातच नको. अटक बेकायदा वाटली तरी हात झटकणं, कॉलर धरणं, गाडीसमोर आडवं होणं यातून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं जुनं ३५३ लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. बेकायदा अटक कोर्टात सुटते, पण ठाण्याच्या दारात केलेली झटापट नवा खटला होऊन मागे लागते. घरातली तरुण पोरं बाहेर थांबवणार असाल तर त्यांना हे आधी बजावा.

पोलिसांनी नियम मोडले तर तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. तुमचीच उलट तक्रार नोंदवून घेत नसतील तर कलम १७३(४)प्रमाणे आधी अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि मग दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आपलं ठाणं कोणतं यावरून पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे.

राहता राहिला सगळ्यात अवघड प्रसंग: भावाला कुणीतरी घेऊन गेलं आणि ठाणं म्हणतंय ‘आमच्याकडे नाही’. कलम ३७प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि ठाण्यात अटकेची माहिती देणारा अधिकारी नेमलेला असतो आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप तिथे ठळक दिसेल असं लावावं लागतं. आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा, ११२वर नोंद करा. लगेच अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला ईमेल करा: किती वाजता, कुठून, किती माणसांनी, कोणत्या नंबरच्या गाडीतून नेलं, पाहणारं कोण होतं. इमारतीच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच रात्री कॉपी करून घ्या, सोसायटीच्या यंत्रांत ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. सकाळपर्यंत ठावठिकाणा लागला नाही तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका करता येते. कोर्ट पोलिसांना माणूस हजर करायला सांगतं, आणि अशी याचिका तातडीने ऐकली जाते. रात्री पाठवलेला तो ईमेल त्या याचिकेला जोडा.